मदत हवी आहे: रॉटवायलर, ७१ वर्षांचे सासरे आणि सोसायटीची सात दिवसांची नोटीस

मधल्या_खोलीतली

नमस्कार. लांबण लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहतो. म्हाडाची जुनी इमारत पाडून टॉवर झाला, आता आमचा नववा मजला. घरात मी, नवरा, दहावीतली मुलगी, सासरे (वय ७१) आणि ब्रूनो. ब्रूनो साडेतीन वर्षांचा रॉटवायलर आहे, वजन ४६ किलो. तो खरं तर माझ्या धाकट्या दिरांचा. भावजी मर्चंट नेव्हीत आहेत. पिल्लू आणलं तेव्हा ते बराच काळ घरी होते. पहाटे उठून तासभर, संध्याकाळी तासभर फिरवायचे, शिकवायचे. मार्चमध्ये ते जहाजावर गेले आणि ब्रूनो आमच्याकडे आला. चार महिन्यांचं ठरलं होतं, आता करार वाढलाय.

घरात तो अगदी लोण्यासारखा. मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या पायावर डोकं ठेवून झोपतो. बाबा (सासरे) त्याला ब्रूनो म्हणतच नाहीत, बाळ्या म्हणतात. भावजींनी त्याला 'सिट', 'स्टे', 'लीव्ह इट' शिकवलंय आणि बाबा म्हणतात, 'बस रे बाळा, नको रे राजा.' तो शेपूट हलवतो आणि त्याला हवं तेच करतो. आम्हाला याचं कौतुक वाटायचं. आता ते आठवलं की पोटात गोळा येतो.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासातला बाबा त्याला फिरवून वर आले. समोरच्या वहिनी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला शाळेत सोडायला लिफ्टपाशी उभ्या होत्या. लिफ्टचं दार उघडलं आणि त्याच क्षणी मुलाने नव्या छत्रीचं बटण दाबलं. छत्री फटकन उघडली, ब्रूनो झेपावला. बाबांनी लीश मनगटाला गुंडाळून धरली होती. ते गुडघ्यावर आपटले आणि तसेच फरफटत गेले. मूल पडलं. दात लागला नाही, पण नखांनी कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, रक्त. वहिनींनी त्याला उचलून छातीशी धरलं. मी दार उघडलं तेव्हा तो रडतसुद्धा नव्हता, नुसता थरथरत होता.

बाबांचं म्हणणं, बाळ्या चाटायला गेला. मला तसं मानायचं होतं. म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये बसून लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. सहाव्या-सातव्या मजल्यापासूनच ब्रूनोचं अंग ताठ झालंय, कान पुढे, तोंड मिटलेलं, नजर दारावर. बाबा कानात इअरफोन घालून अभंग ऐकतायत. मग मी आदल्या दिवसांचंही पाहिलं. त्या आठवड्यात तीन वेळा तो नववा मजला यायच्या आधी असाच ताठ झाला होता. तिन्ही वेळा बाहेर कोणी नव्हतं, म्हणून काही झालं नाही. तो आम्हाला सांगत होता आणि आमच्यापैकी कोणी बघतच नव्हतं.

छत्रीला दोष देणारे फोन नातेवाइकांकडून येतायत. पावसाळ्यात मुंबईतलं पोर छत्री उघडणारच. उद्या त्याच्या हातात बॅट असेल, गणपतीत फटाके वाजतील. जग कुत्र्याच्या सोयीने चालणार नाही.

हॉस्पिटलमध्ये मी वहिनींबरोबर गेले, पालिकेच्या. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली. डॉक्टर म्हणाले, नखाने रक्त आलंय म्हणजे कॅटेगरी तीन, सगळ्यात गंभीर. लशीबरोबर जखमेच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागेल. मग मला विचारलं, कुत्र्याचं रेबीजचं बूस्टर कधी झालंय? घरी येऊन फाइल शोधली. एप्रिलमध्ये देय होतं. भावजींच्या मोबाइलमध्ये आठवण लावलेली असणार, आमच्यापैकी कुणालाच नव्हती. पालिकेचा श्वान परवानाही नाही. कधी काढलाच नव्हता. सुया टोचताना त्या मुलाचे पाय मी धरले होते. हे मी आयुष्यात विसरणार नाही. त्याच्या पुढच्या डोसांचे दिवस, ३, ७ आणि २८, आता आमच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेत.

परवा सोसायटीची नोटीस आली. 'केंद्र सरकारने बंदी घातलेल्या जातीचा कुत्रा सात दिवसांत हलवावा, अन्यथा लिफ्टचा वापर बंद करण्यात येईल.' बाबा धड जेवत नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, कर्जतला एका ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिथे राखणीला देऊन टाकू. भावजींचा फोन आला, ते म्हणाले, 'वहिनी, सोसायटी कायद्याने काही करू शकत नाही, तुम्ही घाबरू नका.' हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला सोसायटीची भीती नाहीच, मला त्या पॅसेजची भीती वाटते.

तर, बंदी खरंच आहे का? कर्जतला देणं बरोबर की चूक? ठेवायचा तर मुंबईतल्या ५५० फुटांच्या घरात, एका लिफ्टच्या मजल्यावर, हा कुत्रा सुरक्षितपणे कसा ठेवायचा? 'रॉटवायलर वाईटच' आणि 'कुत्रा कधीच वाईट नसतो', दोन्ही ऐकून झालंय. कृपया ते सोडून लिहा.

तारीख_पे_आलो

ताई, आधी बंदीचं. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो वगैरे २३ प्रकारांची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि घरात आधीपासून असलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. तुमच्याकडे असलेला कुत्रा हलवा, असं त्यातही नव्हतं. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही. संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं, हा मुख्य आक्षेप. त्यामुळे नोटिशीतला 'बंदी घातलेली जात' हा आधार टिकत नाही. लिफ्टबंदीही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालायला किंवा लिफ्ट नाकारायला मनाई करतात.

पण भावजींनी अर्धाच कायदा सांगितला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात जातीचं नावच नाही. 'ताब्यातल्या' हा शब्द मात्र आहे, आणि आज ताबा तुमचा आहे, जहाजावरच्या माणसाचा नाही.

मुंबईतलीच दोन उदाहरणं. नेपियन सी रोडला २०१० मध्ये रॉटवायलर एका ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावला. गाडीचं दार उघडू नका असं सांगूनही मालकाने उघडलं होतं. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. दुसरं वरळीचं. २०१८ मध्ये शेजाऱ्याने लिफ्टमध्ये कुत्रा आणू नका म्हटलं, तरी मालकाने ओढून आणला, कुत्रा चावला. २०२५ मध्ये मालकाला चार महिने. तो कुत्रा हस्की होता. २३ च्या यादीत हस्कीचं नाव सापडणार नाही.

नोटिशीला लेखी उत्तर द्या, पण त्यात नुसती कलमं लिहू नका. तुम्ही काय करणार आहात ते लिहा.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे, परळला शिकलो. ताई, तुम्ही ते चित्रण पाहिलंत हे फार महत्त्वाचं केलंत. मालक बहुतेक वेळा 'अचानक केलं' असं सांगतात. अचानक क्वचितच असतं.

या आठवड्यात करायच्या गोष्टी. दहा दिवस ब्रूनोवर लक्ष ठेवा, ते ठीक गेले की लगेच त्याचं रेबीजचं बूस्टर द्या, हे त्या मुलाच्या घरच्यांना लेखी कळवा. डॉक्टरांकडून संपूर्ण तपासणी करून घ्या, खास करून खुबे आणि कान. रॉटवायलरमध्ये खुब्याचा सांधा बिघडण्याचं प्रमाण बरंच असतं आणि पावसाळ्यात कानात संसर्ग होतो. दुखणारा कुत्रा दचकला की लवकर अंगावर येतो. परवाना काढा. नसबंदी झालेली नसेल तर विचार करा, पण तिच्याने छत्रीची भीती जाणार नाही.

जातीबद्दल थोडं. हा मूळचा जर्मनीतल्या रॉटवाईल गावाकडचा, गुरं हाकणारा, खाटकांच्या गाड्या ओढणारा कुत्रा. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून घेतलेल्या माहितीवर एक अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. मी दवाखान्यात पाहतो त्याच्याशी ते जुळतं. हातात दिवसभर धरून लाडावलेल्या पॉमनी (छोट्या पॉमेरेनियन कुत्र्यांनी) मला जितक्या वेळा चावलंय तितकं कोणी नाही.

मात्र यावरून 'मग रॉटवायलर आणि पॉम सारखेच' असं म्हणणारे माझे मित्र आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. स्वभाव जातीवरून कळत नाही, जबडा आणि वजन मात्र कळतं. पॉम झेपावला तर पँट फाटते. ४६ किलोचा कुत्रा झेपावला तर ७१ वर्षांचा माणूस फरफटतो. धरणाऱ्याला तो थांबवता येत नसेल, तर तो कितीही प्रेमळ असला तरी त्या हातात जाता कामा नये. आजोबांना वाईट वाटेल. तरी उद्यापासून लीश त्यांच्या हातात नको.

कर्जतबद्दल. दिवसभर साखळीला, कोणाची सवय नाही, रात्री अनोळखी माणसांवर सोडायचा. असा वर्षभर ठेवलेला कुत्रा खराच धोकादायक होतो. तिथेही कुणाचं तरी मूल असतं, बहुतेक वेळा राखणदाराचं. द्यायचाच तर या जातीचा अनुभव असलेल्या घरात, घडलेलं सगळं सांगून द्या.

तिसरा_मजला

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्या मुलीला आमच्या इमारतीत लॅब्राडोर चावला होता, चार वर्षं झाली. ती अजूनही लिफ्टऐवजी जिन्याने येते. त्या मालकांनी आम्हाला शेवटपर्यंत 'तुमच्या मुलीने काहीतरी केलं असेल' हेच ऐकवलं. चावल्यापेक्षा ते जास्त लागलं.

मानखुर्दचा २०२५ चा व्हिडिओ आठवत असेल, रिक्षात अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडून हसत बसलेला माणूस. लोक अजून त्या कुत्र्याच्या जातीबद्दल भांडतात. मला त्यातलं हसू आठवतं.

ताई, तुम्ही हॉस्पिटलमध्ये पाय धरून उभ्या राहिलात. बाकीचं कायदेशीर होत राहील. पण तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशीही जा. आणि त्या घराला विचारा की त्यांना काय हवंय. सोसायटीला नंतर विचारा.

मधल्या_खोलीतली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री समोर गेले होते. बाराएक वर्षांची ओळख, माझी मुलगी त्यांच्याच ओट्यावर बसून वाढली, तरी बेल वाजवताना हात जड झाला होता. वहिनींनी चहा दिला, बोलल्या मात्र कमी. त्यांच्या यजमानांनी सरळ सांगितलं: कुत्रा काढा असं आम्ही म्हणत नाही, पण पॅसेजमध्ये तो आणि आमचा मुलगा एकाच वेळी असता कामा नये, आणि त्याच्या तोंडाला मझल, म्हणजे मुसकं हवं. मी तिथेच हो म्हटलं. जीवजंतू कल्याण मंडळाच्या नियमांप्रमाणे सोसायटी मझलची सक्ती करू शकत नाही, असं नंतर भावजींनी कळवलं. नसेल करू शकत. मी स्वतःहून घालतेय.

ठरलं ते असं. सकाळी साडेपाचला नवरा, रात्री दहाला मी आणि नवरा दोघं. शाळेच्या वेळेत दार बंद. वर यायचं झालं की आधी वहिनींना फोन. एक प्रशिक्षक रविवारी येतोय. मारून शिकवणाऱ्या दोघांना नाही म्हटलं. हा खाऊ देऊन, लांबून छत्री दाखवत शिकवतो. आणि घरात सगळ्यांनी एकच भाषा बोलायची, म्हणून मुलीने फ्रिजवर शब्द लिहून लावलेत. डॉक्टरांनी डाव्या कानात संसर्ग आहे म्हणून सांगितलं, थेंब चालू केलेत. त्याने सगळं सुटेल असं मी धरून चाललेली नाही. तीन महिन्यांत लिफ्टमध्ये त्याचं ताठ होणं कमी झालं नाही, तर डॉक्टर म्हणतात तसं अनुभवी घर शोधायचं, हेही लिहून भावजींना पाठवलंय.

सोसायटीला उत्तरात हे सगळं लिहिलं, बूस्टरची ठरलेली तारीख कळवली आणि परवान्याच्या अर्जाची प्रत जोडली.

अडलंय ते बाबांपाशी. त्यांचं बालपण साताऱ्याकडे गेलं. ते म्हणाले, 'मळणीत बैलाला मुसकं घालायचो ते त्याने धान्य खाऊ नये म्हणून. माझ्या बाळ्याने कुणाचं काय खाल्लंय?' मी त्यांना केबिनमध्ये नेऊन ते चित्रण दाखवलं. दोनदा पाहिलं त्यांनी. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, 'मापाचं आण. काचणारं आणू नकोस.'

तर डॉक्टर, माप कसं घ्यायचं?

गोठ्यातला_डॉक्टर

कापडी पट्टीवालं घेऊ नका. त्यात तोंड उघडत नाही, आणि मुंबईच्या उकाड्यात कुत्रा धाप टाकूनच अंग थंड करतो. जाळीचं, टोपलीसारखं घ्या. लांबी नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या खाली एक बोट राहील इथपर्यंत. घेर मोजताना तोंड मिटलेलं नको, धाप टाकताना असतं तेवढं उघडं हवं. आत पाणी पिता आलं पाहिजे.

पहिले काही दिवस बांधू नका. आत खाऊ ठेवून टोपली नुसती समोर धरा, तोंड त्याने आपणहून घालू दे. आणि हे काम आजोबांना द्या. घरात बसून करायचं आहे, ताकद लागत नाही, आणि त्यांच्या हातून तो पटकन घेईल.

मधल्या_खोलीतली

सांगितलं त्यांना. टेप घेऊन बसलेत त्याच्यासमोर.