मदत हवी आहे: ‘बोलकं मौन’सारख्या शब्दजोडीला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत मी नववी-दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. काल एका मुलीनं वहीच्या समासात पेन्सिलीनं तीन जोड्या लिहून आणल्या: बोलकं मौन, उघडं गुपित, जिवंत प्रेत. खाली प्रश्न, ‘बाई, हा कुठला अलंकार?’

‘विरोधाभास’ सांगितलं, पण मनाला पटेना. विरोधाभासात पूर्ण विधान असतं: वरवर विरोध दिसतो आणि अर्थ उलगडला की तो मावळतो. इथं तर विशेषण आणि नाम एवढ्या दोनच शब्दांत टक्कर होते. इंग्रजीत दोन्हींना वेगळी नावं आहेत: पूर्ण विधानाला पॅराडॉक्स आणि अशा शब्दजोडीला ऑक्सिमोरॉन. ऑक्सिमोरॉन हा शब्दच मुळात ग्रीकमधल्या ‘तीक्ष्ण’ आणि ‘बोथट’ अशा दोन उलट शब्दांचा! किती नेमकं नाव. आपल्याकडं दोन्हींना विरोधाभासच म्हणतात, तिथंच मुलं गोंधळतात.

‘विरोधोक्ती’ म्हटलं तर चालेल का? की आधीपासून रुळलेली संज्ञा आहे? शिवाय ‘कडूगोड आठवणी’ यातला ‘कडूगोड’ नुसता द्वंद्व समास धरायचा, की अलंकारही? मला तो समासच वाटतो, कारण तिथं दोन्ही चवी शेजारी नांदतात, एकमेकींना खोडत नाहीत.

जाणकारांनी कृपया सांगा. सोमवारी तिला नीट उत्तर द्यायचंय. बोलीतल्या अशा जोड्या आठवल्या तर त्याही लिहा.