युद्धकाळातील स्त्रियांच्या स्मारकावर चेहरे असावेत की नसावेत?

प्रश्न
लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर सेनोटाफ या युद्धस्मारकाजवळ दुसऱ्या महायुद्धातील स्त्रियांचे कांस्यस्मारक आहे. शिल्पकार जॉन मिल्स यांनी घडवलेल्या आणि ९ जुलै २००५ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते अनावरण झालेल्या या स्मारकावर एकही स्त्री दिसत नाही. गणवेश आणि कामाचे कपडे मिळून १७ पोशाख टांगलेले दिसतात. ज्यांचा गौरव करायचा त्यांनाच वगळणे मला खटकते. आपले मत काय?

प्रतिसाद १
मला ही रचना योग्य वाटते. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अविवाहित तरुणींवरही राष्ट्रीय सेवेची सक्ती झाली. कोणी रुग्णालयांत राबल्या, कोणी शेतांवर, कोणी वेल्डिंग केले, तर कोणी विमानविरोधी तोफांच्या पथकांत रात्री जागून काढल्या. या सगळ्यांच्या वतीने एकच चेहरा निवडायचा तर तो कोणाचा? शिवाय युद्ध संपताच असंख्य जणींना ती कामे परतलेल्या पुरुषांसाठी सोडावी लागली, आणि टांगून ठेवलेला कोट नेमके तेच सांगतो. स्मारकावरील अक्षरे त्या काळच्या शिधापुस्तिकांच्या वळणाची आहेत. तुटपुंज्या शिध्यात घर चालवणाऱ्या बाईचीही त्यात दखल घेतली गेली, हे मला विशेष मोलाचे वाटते.

प्रतिसाद २
मी असहमत आहे. कपड्यांवरून काम कळते, त्या कामाने माणसाचे काय झाले ते कळत नाही. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्त्री-स्मारकात ग्लेना गुडएकर यांनी तीन स्त्रिया घडवल्या आहेत: एकीने जखमी सैनिकाला सावरून धरले आहे, दुसरी आकाशाकडे पाहते आहे आणि तिसरी गुडघे टेकून हातातल्या रिकाम्या शिरस्त्राणाकडे पाहते आहे. त्या युद्धात परिचारिका असलेल्या डायान कार्लसन एव्हान्स यांनी यासाठी अनेक वर्षे झगडा दिला. १९८७ मध्ये ललित कला आयोगाने आधीचा प्रस्ताव फेटाळला, तरी त्या हटल्या नाहीत, आणि ११ नोव्हेंबर १९९३ रोजी लोकार्पण झाले. जवळच, त्या युद्धात मरण पावलेल्यांची नावे कोरलेल्या भिंतीवर ज्या आठ स्त्रियांची नावे आहेत, त्यांच्यासाठी तेथे आठ झाडेही लावली आहेत.

प्रतिसाद ३
त्या भिंतीवरची नावेच मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. १९४३ मध्ये सिंगापुरात आझाद हिंद सेनेची झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली. तिच्या कॅप्टन लक्ष्मी आपल्याला ठाऊक आहेत. मलायातील रबराच्या मळ्यांतून आलेल्या तमिळ मुली मात्र बहुतेकांना ठाऊक नाहीत. त्यांचे स्मारक झालेच, तर शिल्प कसेही असो, आधी जितकी सापडतील तितकी नावे कोरावीत.