किल्ट घालायचा तर स्पोरन लावायलाच हवं का?

क्लाइडकाठ

पुढच्या महिन्यात ग्लासगोजवळ सहकाऱ्याचं लग्न आहे. नवरदेवाकडच्या आम्ही सगळ्यांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार लोकरी घागरा, घालायचा असं ठरलंय. काल दुकानात मापं देऊन आलो. भाड्याच्या संचात किल्ट, जाकीट, लोकरी मोजे, मोज्यात खोचायची छोटी सुरी असं सगळं मिळतं, शिवाय कमरेला साखळीने बांधून पुढे सोडायची ती थैली, म्हणजे स्पोरन. सोबत आलेला मराठी मित्र तिथेच म्हणाला, "हे नको घेऊस, पोटापुढे उगाच ओझं." तेव्हापासून आमचा वाद चाललाय.

माझं म्हणणं, स्पोरन लावावंच. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच पैशाची थैली. किल्टला मागे चुण्या आणि पुढे सपाट घडी, खिसा कुठेच नाही. आपल्याकडे धोतराला निदान कनवट असायची, माझे आजोबा तिच्यात नोटा खोचून बाजाराला जायचे. इथे तीही सोय नाही. जुनी स्पोरनं म्हणजे हरणाच्या कातड्याच्या, तोंडाशी नाडी ओढायच्या साध्या थैल्या होत्या. गरजेतून आलेली वस्तू आहे ती.

आणि या पोशाखासाठी लोकांनी फार सोसलंय. 1746 मध्ये कल्लोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पराभव झाल्यावर ब्रिटिश संसदेने कायदा करून हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. ही बंदी 1782 पर्यंत होती. असा पोशाख पाहुण्याने आपल्या सोयीने अर्धामुर्धा घालावा हे माझ्या मनाला पटत नाही.

माळरान

भावना समजली, पण इतिहास तुम्ही म्हणता तितका तुमच्या बाजूने नाही. ज्या कायद्याचा दाखला दिलात त्यात बंदी घातलेल्या कपड्यांची नावं आहेत: प्लेड म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांब लोकरी वस्त्र, छोटा किल्ट, ट्रूझ म्हणजे तंग विजार, खांद्यावरचे पट्टे. स्पोरनचं नाव त्यात नाही.

दुसरं, मूळचा मोठा किल्ट म्हणजे एक लांबलचक लोकरी वस्त्र, कमरेला पट्ट्याने आवळलेलं. त्याचा वरचा भाग खोचला की त्याच्या घोळात सामान राहायचं. आजचा फक्त कमरेखालचा किल्ट 18 व्या शतकातला. आणि लग्नात दिसणारा हा नटवा थाट बराचसा 1822 नंतरचा. त्या वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला, स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली, आणि डोंगराळ भागातल्या लोकांचा वेश साऱ्या स्कॉटलंडचा समारंभी वेश झाला. इतक्या उशिरा घडलेल्या रिवाजाला 'लावावंच' कशाला म्हणायचं?

सर्वांत मोठा पुरावा सैन्याचा. पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणी किल्ट घालून खंदकांत उतरल्या, पण स्पोरन मागे ठेवून. किल्टवर खाकी आच्छादन बांधायचे आणि त्यालाच पुढे खिसा असायचा. जिथे किल्टची खरी परीक्षा झाली, तिथे स्पोरनवाचून काही अडलं नाही.

क्लाइडकाठ

माळरान, कायद्याचं वाक्य पुरतं वाचा. नावं सांगून झाल्यावर 'आणि हायलँडच्या वेशाचा खास असा कोणताही भाग' असंही त्यात आहे. खंदकाचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं. स्पोरन काढलं तेव्हा त्याच जागी खिसा शिवावा लागला! थैली गेली, पण तिची जागा रिकामी ठेवता आली नाही. आणि युद्धाचा वेश लग्नाला कोण घालतं?

सुईदोरा

मी कपडे शिवते, म्हणून कापडाच्या बाजूने बोलते. पूर्ण किल्टला आठ वार लोकर लागते, म्हणजे सात मीटरहून जास्त, आणि ती जवळपास सगळी मागच्या चुण्यांत जाते. पुढे उरतो तो मोठा कोरा सपाट भाग. स्पोरन नसेल तर नजर तिथे कुठे ठरत नाही. फेटा बांधून तुरा काढायचा राहून गेला की कसं वाटतं, तसं.

पण बांधायचं तर नीट बांधा. बरेच जण फार खाली सोडतात आणि ते गुडघ्यांवर आपटत राहतं. जाकिटाच्या आतल्या बंडीच्या खाली चार बोटं सोडून त्याचा वरचा काठ यावा. साखळी मागच्या चुण्यांवर घासून लोकर झिजते, म्हणून स्वतःचा किल्ट असेल तर चामड्याचा पट्टा बरा.

पायघोळ

माझी मुलगी एडिनबऱ्यात हायलँड नृत्य शिकते. मुली किल्ट घालतात आणि स्पोरन लावत नाहीत. तलवारींवरचा नाच नाचताना तिचा किल्ट मला कधी अपुरा दिसला नाही, उलट चुण्यांची लय स्पष्ट दिसते. मग पुरुषाने घातला की तोच कपडा अपुरा कसा? स्पोरनच्या वजनाने किल्ट वाऱ्याला उडत नाही असंही सांगतात. आठ वार लोकरीला कसलं वजन हवंय?

क्लाइडकाठ

वजनाचा मुद्दा मान्य, मीही तो मांडणार नव्हतो. पण त्याच वर्गातली मुलगे मंडळी स्पोरन लावून नाचतात हेही तुम्ही पाहिलं असेल. स्त्रियांचा रिवाज वेगळा, तो त्यांच्यापुरता पूर्ण आहे.

कोयनामाई

इतका वेळ कोणी विचारलं नाही म्हणून विचारते. ते स्पोरन कशाचं आहे? समारंभी स्पोरन पूर्वी सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचं असायचं. युरोपीय संघाने 2009 मध्ये सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध घातले. आता सशाचं किंवा गाय-बैलाचं केसाळ कातडं पुष्कळ दिसतं. आमच्या घरात हे चालणार नाही. ज्याला ते अंगावर घ्यायचं नाही त्याने दुसऱ्यांच्या परंपरेसाठी स्वतःचं मन मारावं असं मला वाटत नाही. यजमानाला मोकळेपणी सांगा, तो समजून घेईल. विनास्पोरन किल्ट घातल्याने कुणाचा अपमान होत नाही.

माळरान

हे मात्र अगदी योग्य. प्राण्याचा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी यायला हवा होता.

क्लाइडकाठ

कोयनामाई, खरंच, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मघाशी दुकानात फोन केला. मला दाखवलेलं स्पोरन बैलाच्या केसाळ कातड्याचंच निघालं. ते बदलून द्यायला सांगितलं. दिवसा वापरायचं साधं, बिनकेसाचं मिळेल म्हणाले, पण तेही चामड्याचंच. मी चामड्याचे बूट घालतो, त्यामुळे मला ते चालेल. ज्याला तेही नको असेल त्याला 'लावावंच' म्हणायचा हक्क मला नाही, तेवढा शब्द मी मागे घेतो.

माझ्यापुरतं मात्र मी लावणार. नवरदेवाचे वडील म्हणाले, लग्नानंतरच्या नाचात 'स्ट्रिप द विलो' सुरू झालं की ते कमरेवरून बाजूला सरकवायचं, नाहीतर समोरच्याला लागतं. त्यांनी स्वतःचं बाजूला सरकवून दाखवलं. त्यात घराची किल्ली आणि चष्मा होता.