पुन्हा: पणजोबांची पलटण

मंडळी, सासरच्या आयरिश पणजोबांचे लष्करी कागद कुठे मिळतील, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. त्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली: मुंबई इलाखा, बाप फर्स्ट बॉम्बे युरोपियन फ्युझिलिअर्समध्ये. पण लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, डब्ल्यूओ ९७ मध्ये (सुटलेल्या शिपायांच्या कागदांचा संच), त्यांचं नावच नाही. आत्येसासूबाईंचं वय झालंय, त्यांच्या डोळ्यांदेखत हे लागायला हवं. शनिवारी लंडनला जातेय. कुठे बघू?
– सु., ब्रे

सु., क्यूला जाऊच नकोस. ती पलटण तेव्हा राणीची नव्हती, कंपनी सरकारची होती. १८६२ मध्ये ती राणीच्या फौजेतली १०३वी पलटण झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये गेली. कंपनीच्या शिपायांचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईच्या फौजेसाठी एल/मिल/१२ हा संच माग.
– वि., कॉर्क

काका, क्यू सरसकट बाद करू नका. १८६२ नंतर ते नोकरीत राहिले असतील तर? मात्र १८८३ आधीचे डब्ल्यूओ ९७ मधले कागद पेन्शनवर सुटलेल्यांचेच. नोकरीत वारले, तर तिथे काही नाही. आणि १८५९ मध्ये, न विचारता राणीच्या फौजेत वर्ग केलं म्हणून कंपनीच्या सुमारे दहा हजार गोऱ्या शिपायांनी नाव कमी करून घेतलं, हेही धरा. सु., आधी दफनाची नोंद बघ, ब्रिटिश लायब्ररीतल्या एन/३ मध्ये, म्हणजे मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींत.
– मी., गॉलवे

दफन कसलं, लग्न बघा! छावणीतली विधवा काही महिन्यांत त्याच पलटणीतल्या दुसऱ्याशी लग्न करायची. मुलीचं आडनाव बदललं असेल, तर जन्मभर बापाच्या नावाने शोधत बसाल. आमच्या जावयाच्या घराण्यात हेच झालं.
– शा. काकू

काकूंचं पटलं. आमचं बालपण पुण्याच्या घोरपडीत गेलं. तिथलं सेंट पॅट्रिक्स चर्च मुळात आयरिश कॅथलिक शिपायांसाठीच बांधलेलं. पुण्यातल्या चर्चच्या वह्याही विचारायला हव्यात.
– अ., लिमरिक

वंशावळीचे प्रश्न ग्रंथालय समितीकडे पाठवायचं बैठकीत ठरलंय. या चर्चेच्या यादीवर नकोत. तरीही सांगते: आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक १९२२ च्या डब्लिनमधल्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेल्या. गाव कळलं, तर आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर कॅथलिक पॅरिशच्या वह्या फुकट आहेत.
– ग्रंथालय समिती

ताई, पुढचं समितीलाच पाठवते. शनिवारी एन/३ मधून आधी लग्न, मग दफन. मी., ब्रिटिश लायब्ररीच्या रीडर पासला पत्त्याचा पुरावा कुठला चालतो?
– सु.