विषय: गावाकडच्या गाडीसाठी फास्ट चार्जिंगचा अडॅप्टर आणू का?

मिशिगनहून, रविवार रात्र

नमस्कार मंडळी,

दिवाळीला मी माहेरी जातेय. यवतमाळ जिल्हा, कळंबजवळचं गाव. धाकट्या भावानं यंदा सेकंडहँड टियागो ईव्ही घेतली आहे, २४ किलोवॉट-तासाच्या बॅटरीची. काल फोनवर म्हणाला, "ताई, गाडी रातभर लावून ठेवतो, तरी सकाळी फुल होऊन नाई राहिली. तिकडून फास्ट चार्जिंगचा अडॅप्टर आण." तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं त्याला सांगितलं म्हणे की बाहेरचा अडॅप्टर लावला की घरच्याच प्लगवर तासाभरात काम होतं.

माझ्या इथल्या गाडीला मी अडॅप्टर वापरते, त्यामुळं टेस्लाच्या चार्जरवर ती भरता येते. तसाच एक घेऊन जाऊ का? आईला दर महिन्याला डोळे दाखवायला नागपूरला न्यावं लागतं, म्हणून हे नीट करून द्यायचं आहे. कळंबकडच्या काकांना विशेष विनंती, तुमच्याकडे हीच गाडी आहे ना?

*

कळंब तालुक्यातून, सोमवार

बेटा,

अडॅप्टर आणू नको. भावाच्या गाडीला तो बसणारच नाही, आणि त्याची गरजही नाही.

तुझ्या अडॅप्टरचं काम एवढंच, की टेस्लाच्या एनएसीएस प्लगचं तोंड तुझ्या गाडीच्या सीसीएस-१ तोंडाशी जुळवून द्यायचं. आत तांब्याचे जाड जोड असतात. तो वीज वाढवत नाही, एसीची (घरी येते ती वीज) डीसी (बॅटरीत भरते ती वीज) करत नाही. तिकडे त्याची गरज पडली, कारण दोन तऱ्हेची तोंडं रस्त्यावर आली. टेस्लानं नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला प्लग इतरांना खुला केला, २०२३ मध्ये फोर्ड आणि जीएम त्या बाजूला गेले, पण आधी विकलेल्या गाड्या सीसीएस-१ च्याच राहिल्या. तुझ्यासाठी ती वस्तू कामाची आहे, जपून वापर.

आपल्याकडे आजच्या बहुतेक गाड्यांना सीसीएस-२ असतं. भावाला म्हणावं, झाकण उघडून फोटो पाठव. वर सात पिनांची गोल जागा आणि तिच्याखाली दोन जाड पिना दिसतील. तुझ्या अडॅप्टरचा वरचा भाग पाच पिनांचा. त्या खालच्या दोन पिना डीसीच्या. नागपूरला फास्ट चार्जरची बंदूक सरळ तिथंच लागते, मध्ये काही घालावं लागत नाही. टियागो दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत साधारण तासाभरात जाते. ते होतं, कारण एसीची डीसी करायचं काम ते कपाटाएवढं यंत्र करतं. घरी तेच काम गाडीतला छोटा चार्जर करतो आणि १५ अँपिअरच्या प्लगवर त्याला ३.३ किलोवॉटच्या आसपासच मिळतं. कोणताही अडॅप्टर लावला तरी घरच्या प्लगमधून डीसी फास्ट चार्जिंग होणार नाही. त्या गॅरेजवाल्याला कोणी पैसे देऊ नये, एवढं भावाला आजच सांग.

आता रात्रभरात फुल का होत नाही, ते बघ. चांगल्या विजेवर ३.३ किलोवॉटनं आठ तासांत २६ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) होतात, थोडी गळती धरूनही गाडी भरते. पण आपल्याकडे कपाशी-तुरीला पाणी सुरू झालं, मग हरभरा-गहू आला, की रात्रीच्या पाळीत सगळ्या वावरातले पंप चालतात. माझ्याकडे मीटरवर १८५ व्होल्ट मी पाहिलेत. १४ अँपिअर गुणिले १८५, म्हणजे २.६ किलोवॉट. तीच गाडी मग दहा तास घेते, आणि मध्ये लाईट गेली तर विचारूच नको. त्यानं किती वाजता लावली, किती टक्के होती आणि व्होल्ट किती, हे तीन आकडे चार रात्री वहीत लिहावेत. ऐंशी टक्क्यांवर सकाळ झाली तर घाबरायचं काही कारण नाही, रोजच्या कामाला तेवढं पुष्कळ.

माझी खरी काळजी अर्थिंगची आहे. मी गेल्या मे महिन्यात हे भोगलंय. संध्याकाळी प्लग लावला की चार्जिंगच्या केबलवरच्या डब्यावर लाल दिवा, गाडी वीज घेईनाच. आधी मला वाटलं डबा गेला. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावून घेतला तर ४० व्होल्ट. घरामागचा अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाइपाभोवतीची माती सुटून गेलेली. कोरडी माती वीज नेत नाही. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं दिवा हिरवा झाला. मग जून लागायच्या आत गाडीसाठी वेगळा खड्डा खणला, कोळसा आणि मिठाचे थर देऊन. आता उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तिथं पाणी टाकतो, तुळशीला टाकतो तसंच.

दुसरं, प्लग. सुरुवातीला मी टीव्हीच्या पॉइंटवर मल्टिप्लग लावून गाडी चार्ज केली होती. तिसऱ्या रात्री जळक्याचा वास आला. उठून बघतो तर प्लगची एक पिन तपकिरी झालेली आणि प्लास्टिक तिला चिकटलेलं. घरात नातवंडं झोपलेली होती. म्हणून हात जोडून सांगतो, गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाईन ओढायची, ४ एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की लाइन तोडणारा स्विच), आणि चांगला १६ अँपिअरचा सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड नको. मंजूर भार कमी असेल तर वाढवायचा अर्ज करावा. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी अजिबात लावू नये, ती वीज शेतीच्या दरानं दिलेली असते.

आईच्या नागपूरच्या फेरीचं सांगतो. आपल्याकडून देवळी-वर्ध्यावरून सव्वाशे किलोमीटर धर. मेमध्ये एसी लावून माझी गाडी १८०च्या आसपास जाते. म्हणजे घरून फुल निघायचं, नागपूरला आईचे डोळे तपासून होईपर्यंत फास्ट चार्जरवर लावायची, आणि परत. निघायच्या आधी तो चार्जर चालू आहे का, हे ॲपवर बघून वर फोनही करायचा. ॲपवर हिरवा आणि जागेवर बंद, असं माझ्यासोबत एकदा झालंय, आणि म्हातारं माणूस सोबत असताना ते फार जड जातं.

*

मिशिगनहून, गुरुवार

काका, फोटो आला. खाली दोन जाड पिना आहेत, वर सातच. अडॅप्टरची ऑर्डर रद्द केली. भाऊ आतापर्यंत फ्रिजच्या बोर्डावर गाडी लावत होता, ते ऐकून माझी झोप उडाली. कालपासून बंद केलंय. न्यूट्रल-अर्थ त्याच्याकडे २२ व्होल्ट निघालं. वायर आणि आरसीसीबी यवतमाळहून आणायला सांगितलं, पैसे मी पाठवले. खड्डा तो रविवारी खणणार आहे, गोठ्यामागं. तिथं सांडपाणी जातं, माती ओली राहते म्हणाला.

*

कळंब तालुक्यातून, शुक्रवार

बेटा, ओली जागा चांगली, पण गोठ्यामागं नको. बिघाड झाला की त्या खड्ड्याभोवतीच्या जमिनीत व्होल्टेज उतरतं, आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्यानं माणसाच्या आधी ते जनावराला लागतं. घराच्या दुसऱ्या बाजूला, न्हाणीघराचं पाणी जातं तिथं घेऊ. रविवारी सकाळी मी मीटर घेऊन येतो, मी येईस्तोवर कुदळ मारू नको म्हणावं.