कॉलनीतली 'पाणी बचत बाग': कामाची की नुसता बोर्ड?

परसदार:
काल एकाने इथे लिहिलं, पुण्यात आमच्या कॉलनीत हिरवंगार लॉन उपटून निवडुंग आणि गोटे टाकले, पुढे 'पाणी बचत प्रात्यक्षिक बाग' असा बोर्ड ठोकला, म्हणजे मेंटेनन्सच्या पैशावर कमिटीची हौस. वाचल्यापासून डोकं फिरलंय, कारण ती बाग करणाऱ्यांत मी आहे. लॉन होतं २०० चौरस मीटर. माळी पाइप सोडून चहाला जायचा. एप्रिलमध्ये मीटर बसवला तर रोजचे हजार लिटर निघाले, म्हणजे दर दहा दिवसांनी एक दहा हजारी टँकर फक्त गवताला, आणि तेव्हा आपल्याकडे नळ एकच वेळ. आता तिथे अडुळसा, अबोली, कोरफड, शतावरी, कडेला बहावा आहे. निवडुंग दोन आहेत हो, दोन! झाडांच्या मध्ये मडकी पुरलीत, तोंड तेवढं वर, त्यावर झाकण, भाजलेल्या मातीतून झिरपेल तेवढंच पाणी मुळांना. वर पालापाचोळ्याचा थर. हे कुणीही येऊन बघावं, घरी करावं, म्हणून बोर्ड.

बी_विंग_त्रस्त:
काल लिहिणारा मीच. पोरांनी खेळायचं कुठे, अडुळशावर? माझी आई रोज सकाळी त्या लॉनवर अनवाणी चालायची, आता पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फिरते. आणि पालापाचोळ्यात साप येतात, मागच्या पावसाळ्यात धामण निघाली तेव्हा कमिटीतलं कोणी खाली आलं नाही.

परसदार:
धामण बिनविषारी असते आणि ती पार्किंगमध्ये निघाली होती, तेव्हा पालापाचोळा नव्हताच.

बी_विंग_त्रस्त:
मग पुढच्या वेळी तुम्हीच पकडा.

मांजराकाठचा:
मी लातूरचा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. आमच्या घरी तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि आंघोळीचं संडासात. आजोळी न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ जगायची, त्याला कुणी प्रात्यक्षिक म्हटलं नाही. तुम्हाला शिकायला बोर्ड लागतो याचंच हसू येतं.

टाकी_भरली_का:
लॉनचं काय घेऊन बसलात, घराघरातल्या आरओ फिल्टरचं बोला! एक लिटर प्यायला, तीन लिटर मोरीत. आमच्या नळाला खडकवासल्याचं पाणी, माझ्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, ८० आलं. ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको, हे हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलंय. तरी शेजारी दोन लावून बसलेत.

सी_विंग_ताई:
तुमच्याकडे नळ आहे हो दादा. आम्हाला बोअरचा टँकर, टीडीएस ११००. या, एक तांब्या पिऊन जा, मग लवाद सांगा.

टाकी_भरली_का:
बरं, तुमचं वेगळं. पण मग ते वाया जाणारं पाणी बागेला द्या ना.

सी_विंग_ताई:
दिलं होतं. तुळस जळाली, मोगऱ्याची पानं कडेने करपली. ११०० चं पाणी आरओतून गेल्यावर उरतं त्यात मीठ अजून वाढलेलं असतं. फरशी पुसा त्याने. सल्ले देणाऱ्यांनी आधी स्वतःची कुंडी मारून बघावी.

टाकी_भरली_का:
आमच्या ८० वाल्या पाण्यावर जास्वंद मस्त आहे, फोटो टाकू का?

सी_विंग_ताई:
टाका. सोबत नळाचाही टाका, आम्ही नमस्कार करतो.

परसदार:
अहो धागा बागेचा आहे!! मडक्यांचंही तेच होतं म्हणा, जड पाण्याने भोकं बुजतात आणि झिरपणं थांबतं. आमची चार बदलली.

बी_विंग_त्रस्त:
आता बाहेर आलं! चार मडकी बदलली हे बोर्डवर का नाही? आणि देशी झाडांना पाणी लागत नाही असं माळ्याला कोण सांगून गेलं? पहिले दोन उन्हाळे लागतंच. मार्चमध्ये शतावरी वाळली ती याच हुशारीमुळे. गावाकडे माझी दोन एकर आहे, मला झाडं शिकवू नका.

परसदार:
शतावरीची चूक आमची. मान्य.

बी_विंग_त्रस्त:
मग बोर्डवरचं ते सुविचाराचं वाक्य पुसा आणि दर महिन्याचं मीटर रीडिंग लिहा, टँकरची बिलं चिकटवा, काय मेलं तेही लिहा. आकडा खरंच उतरला तर मी गप्प. आणि आईला चालायला पन्नास मीटरचा मातीचा पट्टा ठेवा, त्याला पाणी लागत नाही.

परसदार:
पट्टा होईल. रीडिंग १ तारखेपासून लिहितो, तुमच्या सहीने.

बी_विंग_त्रस्त:
सही कशाला, मीच येऊन वाचतो. तुमच्या माळ्यावर विश्वास नाही.

मांजराकाठचा:
अभिनंदन. दोन विंगांनी मिळून परसबाग शोधून काढली.

टाकी_भरली_का:
ताई, जास्वंदीचा फोटो टाकलाय. बघितला का?