उपासनेत रॅप: मागाच्या खटक्यावर प्रार्थना म्हटली तर बिघडलं काय?

शब्बाथशाळेची बाई
गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाची उपासना होती. सोलापुरातली जुनी मंडळी आहे, नाव लिहीत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या एका भजनाची दोन कडवी झाली, पेटी थांबली आणि माझ्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गात, वाढलेला एक मुलगा माइकसमोर आला. मोबाइलवरून ठेका सुरू झाला. तो ड्रमचा नव्हता. वडील ज्या कारखान्यात टॉवेल विणतात, तिथल्या यंत्रमागाचा आवाज त्याने रात्रपाळीला जाऊन टेप केला होता. खट-खटाक, खट-खटाक. त्यावर तो बोलू लागला. त्यातल्या चार ओळी मला पाठ झाल्यात:

बाप माझा रातपाळीला, धोटा पळतो ये-जा,
पहाटं तीनला डोळं मिटलं की म्हणतो, प्रभू, जागा र्‍हा.
धागा तुटला, माग थांबवून गाठ मारतो बा,
माझी गाठ मारायला तू येशील का रे, बापा?

त्याची आजी शेवटच्या बाकावर होती. घरात तेलुगू बोलणारी, अक्षरओळख नसलेली, पण मराठी गीतं तोंडपाठ असलेली बाई. आयुष्यभर विड्या वळलेला तिचा हात बायबलच्या कापडी पिशवीवर पडत होता, नेमका मागाच्या ठेक्यात.

उपासना सुटल्यावर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी तिघांनी पाळकसाहेबांना बाजूला घेतलं. हे देवाच्या घरात पुन्हा नको, असा निरोप आला. मुलगा तेव्हापासून सरावाला फिरकलेला नाही.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, ते ओवीत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. विलायती चालींवर भाषांतरित गीतं म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मग आमच्या पोराचा पूल मागावरून जात असेल तर तो का पाडायचा?

पेटीमास्तर
बाई, मी तीस वर्षं मंडळीत पेटी वाजवतो. त्या पोराचा राग नाही, त्याला ‘सा’ मीच शिकवला. तरी माझा विरोध आहे.

उपासनेतलं गाणं मंडळीचं असतं. पन्नास माणसं एका श्वासात एक ओळ उचलतात, बेसूर माणूससुद्धा त्यात सामावतो. रॅपमध्ये एकजण बोलतो आणि बाकीचे बघत बसतात. त्या दिवशी किती जणांनी मोबाइल वर धरून व्हिडिओ काढला, मोजलंत का? मी मोजलं, अकरा. उपासकांचे प्रेक्षक झाले.

दुसरं, टिळकांचा दाखला इथे बसत नाही. अभंग त्यांच्या आधी कित्येक शतकं भक्तीचाच होता. रॅप ज्यातून आला त्या हिप हॉपची सुरुवात १९७३ सालच्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, डीजे कूल हर्कच्या पार्टीत झाली असं सगळे सांगतात. मुळात नाचायला जन्मलेली गोष्ट आहे ती.

आणि देवाला ‘का रे’? प्रार्थनेत ‘येशील का’ म्हणजे शंकाच झाली.

बाळीवेस
मास्तर, शंकेचं राहू द्या. बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढा. ‘कोठवर?’ हा प्रश्न दाविदाने सुरुवातीलाच चार वेळा विचारलाय. बावीसाव्यात ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ आहे, आणि तेच शब्द वधस्तंभावर आले. ते आपण दर उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, वाचतो, कुणी पंच उठून जात नाही. आणि ‘रे’चं म्हणाल तर याच मातीत जनाबाईने देवाला विठ्या म्हटलंय. अरेतुरे आपण परक्याशी करतो का?

साउंडवाला पोरगा
त्या दिवशी मिक्सरवर मीच होतो. खरी अडचण कुणी बोलत नाही. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, तीन बाजूंना भिंती. बेस वाढला की सगळं घुमतं. पुढच्या तीन बाकांना शब्द कळले, मागे नुसता दणका. पंच मागे बसतात. त्यांच्या कानावर प्रार्थना गेलीच नाही, धमधम गेली. बेस कमी ठेवायला हवा होता, ती चूक माझी.

अशोक चौक
मास्तरांशी सहमत आहे, पण कारण वेगळं. आमची पोरं अमेरिकेतल्या लेक्रे या ख्रिस्ती रॅपरचे व्हिडिओ बघतात. त्याच्या ‘ग्रॅव्हिटी’ अल्बमला २०१३ साली ग्रॅमी मिळालं, २०१४ चा ‘अ‍ॅनॉमली’ बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. चांगलं आहे. पण मग तसेच हातवारे, तशीच टोपी, तसेच उच्चार. साताठ पोरं बघितली मी, स्वतःचं काही सांगणारा हा एकच. एकाच्या जोरावर दार उघडलंत की बाकीचे सहा नक्कल घेऊन आत येतील. आणि रॅपमध्ये ‘मी’ फार असतो. मी असा होतो, मी असा झालो, माझ्यासमोर कोण टिकतो. उपासनेत ‘तू’ पाहिजे.

शब्बाथशाळेची बाई
दादा, नकलेची भीती मलाही आहे. पण नक्कल थांबवायची तर अस्सल म्हणणाऱ्याला बसवून कसं चालेल?

मास्तर, ‘नाचायला जन्मलेली गोष्ट’ यावर सांगते. शिकागोचा थॉमस डोर्सी बारमध्ये ब्लूज वाजवायचा. तोच ढंग त्याने देवाच्या गाण्यात आणला, तेव्हा कित्येक मंडळ्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. आज त्यालाच गॉस्पेल संगीताचा जनक म्हणतात. लांब कशाला, राम जोशी आपल्या सोलापूरचे. पेशवाईतले लावणीकार, फडावर डफ घेऊन उभे राहणारे. तेच पुढे कीर्तनकार झाले. लावणीने कमावलेली जीभच देवाच्या कामी आली ना?

तुमच्या पेटीचं बोलू का? ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. तेव्हा ती आपल्या संगीताला परकी ठरली होती.

पेटीमास्तर
पेटीवर बंदी आली कारण तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती निघत नाहीत. तो दोष खरा होता आणि आजही आहे. मी रोज वाजवतो म्हणून नाकारणार नाही. तसाच रॅपचा दोष मी सांगतोय, तर तोही ऐकून घ्या.

राम जोशींचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. मोरोपंतांच्या सांगण्यावरून ते तमाशातून बाहेर पडले, मग कीर्तनाला उभे राहिले. डफ आधी खाली ठेवला. आणि डोर्सीची गाणी टिकली ती मंडळीला गाता आली म्हणून. या पोराच्या चार ओळी सुंदर आहेत, मी घरी दोनदा वाचल्या. पण त्या आजीला म्हणता येतील का? हात पडला, मान्य. तोंड हललं का?

तिसरा बाक
कीर्तनात तरी सगळे कुठे गातात? बुवा एकटे बोलतात, पूर्वरंग, आख्यान, आणि धृपद आलं की सगळे उचलतात. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनं होतात, कुणी त्याला प्रेक्षकगिरी म्हणालं नाही. त्या पोराने टिळकांच्या दोन कडव्यांमधली जागा निवडली, म्हणजे धृपद मंडळीचंच राहिलं. त्याला हे कीर्तनातून सुचलं असेल की नाही ठाऊक नाही, पण रचना तीच आहे.

होटगी रोड
आमच्या तेलुगू उपासनेत ढोलक आली तेव्हाही असंच झालं होतं. म्हातारी माणसं दोन महिने रुसली. मग त्यातलेच एक काका पुढे येऊन ढोलक वाजवायला लागले. एवढंच सांगायचं होतं.

अशोक चौक
मग साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा आपला अनुभव उभं राहून सांगतात तेव्हा, म्हणू द्या की. साक्ष एकट्याचीच असते, तिथे ‘मी’ चालतो. बाप, माग, रात्रपाळी, सगळं साक्षच आहे. गीताच्या मध्ये घुसवलं म्हणून लोकांना खटकलं. प्रभुभोजनाच्या रविवारी तर नकोच.

शब्बाथशाळेची बाई
साक्षीची जागा मला पटते. पण ‘तिथे चालेल’ म्हणजे ‘इथे नको’ असं त्या पोराला ऐकू जाऊ नये. काल त्याच्या घरी गेले होते. बाप नुकताच पाळीवरून आला होता, कानात अजून कापसाचे बोळे. पोरगा म्हणाला, “बाई, पप्पाला मागामुळं कमी ऐकू येतंय. त्याला ओळखीचा आवाज तेवढा मागाचाच. म्हणून घेतला.” मला पुढे बोलता आलं नाही. मास्तर, त्या रविवारी बाप पहिल्या बाकावर होता. तुमची पाठ होती तिकडे.

पेटीमास्तर
हे मला माहीत नव्हतं.

मत बदललं असं लिहिणार नाही. मुख्य उपासनेत गीतं मंडळीने म्हणावीत, यावर मी ठाम आहे आणि पंचांच्या बैठकीत तेच बोलेन. पण साक्षीला तो उभा राहणार असेल तर त्याला गुरुवारी सरावाला पाठवा. शेवटच्या ओळीतलं ‘बापा’ त्याने घाईत गिळलं, तिथे थांबायला हवं. माग दोनाच्या मात्रेत चालतो, तो शब्द खटक्याच्या नंतर पडला पाहिजे, खटक्यावर नाही. मोबाइल आणि रेकॉर्डिंग घेऊन येऊ दे. साउंडवाल्या पोरालाही बोलवा.